विश्लेषण : शेतमालासाठी पिकअप पुरे, की मोठी गाडी हवी? वजनाचे गणित काय सांगते?

कांद्याच्या ५० किलोच्या ४० गोण्या म्हणजे २ टन माल. दीड टन क्षमतेच्या पिकअपमध्येही त्या मावतात. पाटे बसतात, पण गाडी निघते. ‘निघते ना, मग झाले’ या हिशेबावर अनेकदा मालवाहू गाडी निवडली जाते. खरे तर भरलेली गाडी निघते का, यापेक्षा ती घाटाच्या उतारावर वेळेत थांबते का, हे महत्त्वाचे.

शोरूममध्ये आधी काय विचारावे?

हप्ता, मायलेज आणि अश्वशक्तीच्या आधी ‘जीव्हीडब्ल्यू’ विचारावे. गाडीचे स्वतःचे वजन आणि तिला परवानगी असलेला भार यांची ही बेरीज असते. चालक, शेजारी बसलेली माणसे आणि हौद्यावर नंतर बसवलेला लोखंडी सांगाडाही याच हिशेबात येतो. सांगाडा १५० किलोचा असेल, तर तीन गोण्या तिथेच कमी झाल्या.

गरज कशी ठरवावी?

वर्षातला सर्वांत जड दिवस समोर ठेवावा. टोमॅटोचे २५ किलोचे ६० क्रेट म्हणजे दीड टन. २,००० लिटर पाणी म्हणजे २ टन, टाकीचे वजन वेगळे. शिवाय अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर हेलकावे खाते. कडब्याचे उलटे आहे. वजन कमी, पण जागा जास्त. तिथे जड गाडीपेक्षा लांब हौदा उपयोगी पडतो. महिंद्रा आणि टाटा या दोन्ही कंपन्यांचे २ टन क्षमतेचे पिकअप बाजारात आहेत. नेहमीचा माल त्याहून जास्त असेल, तर त्यापुढच्या वर्गातला ट्रक पाहावा.

जादा भरल्याने काय बिघडते?

वजन जितके वाढते, तितकी जास्त ऊर्जा ब्रेकला जिरवावी लागते. वेग ४० वरून ६० वर गेला, तर ही ऊर्जा सव्वादोन पट होते. लांब उतारावर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते. पाटे वाढवून गाडी ‘मजबूत’ करून घेतली, तरी ब्रेक आणि अ‍ॅक्सल जुनेच राहतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. तो केवळ चालकापुरता नाही, तशी गाडी चालवायला लावणाराही त्यात येतो.

ट्रॉली ओढायची असेल तर?

ओढण्याइतकेच रोखणेही महत्त्वाचे. ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली उतारावर पुढच्या वाहनाला ढकलते. एका अ‍ॅक्सलच्या ट्रॉलीचा काही भार हूकवर येतो, तो ओढणाऱ्या गाडीच्या क्षमतेतून वजा करावा लागतो. कमी वेगात जड ओढण्यासाठी ट्रॅक्टर बनलेला असतो, पिकअप नाही. त्यामुळे गावातल्या वर्कशॉपमध्ये हूक वेल्ड करून पिकअपला ट्रॉली जोडणे धोक्याचे आहे. ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते.

कागदपत्रे कुठे बदलतात?

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यापुढे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार, हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. त्यापुढच्या गाडीसाठी वेगळे लायसन्स असलेला चालक हवा. त्याचा पगारही खर्चात धरावा.

मग निवड कशी करावी?

जड माल वर्षातून आठ-दहा दिवसच असेल, तर नेहमीच्या गरजेपुरती लहान गाडी घ्यावी आणि त्या दिवसांत ट्रक भाड्याने लावावा. दर आठवड्याला क्षमतेपलीकडे जावे लागणार असेल, तर एक पायरी वरची गाडी शेवटी स्वस्त पडते.

मात्र सगळा भार शेतकऱ्याच्या शहाणपणावर टाकून चालणार नाही. भाडे गोणीमागे ठरते, तेव्हा प्रत्येक जादा गोणी फायद्याची वाटते. विक्रेत्यांनी कोटेशनवर किमतीइतक्याच ठळक अक्षरांत भारक्षमता छापावी आणि बाजार समित्यांच्या काट्यावर गाडी क्षमतेत आहे का, हेही पाहिले जावे. वाचलेल्या एका खेपेचे डिझेल माणसाच्या जिवापेक्षा महाग नाही.