आधी दोरी, मग व्याख्या

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि सहावीच्या वर्गात भूमितीचे मूलभूत संबोध शिकवायला घेतले जातात. फळ्यावर एक ठिपका येतो. त्याखाली लिहिलं जातं की बिंदूला लांबी, रुंदी, जाडी काहीच नसतं. पाठोपाठ रेषा येते, ती दोन्ही बाजूंनी अमर्याद. मग किरण, रेषाखंड, प्रतल. मुलं हे सगळं वहीत उतरवतात, घरी पाठ करतात आणि चाचणीत जसंच्या तसं लिहितात. गुणही मिळतात. मात्र भूमिती म्हणजे पाठ करायचा विषय, ही समजूत त्याच आठवड्यात पक्की होते आणि दहावीपर्यंत ती सुटत नाही.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि माझं म्हणणं असं आहे की हा क्रम उलटा आहे. भूमितीची सुरुवात व्याख्येनं होऊ नये. आधी दोरी, खुंटी, कागद आणि काड्या मुलांच्या हातात याव्यात. मोजून, आखून, घडी घालून जे कळलं ते मुलांनी आपल्या शब्दांत सांगावं. व्याख्या त्या सांगण्यातून तयार व्हावी.

बिंदूचंच पाहा. युक्लिडनं ख्रिस्तपूर्व ३००च्या सुमारास ‘एलिमेंट्स’ हा तेरा भागांचा ग्रंथ रचला आणि सुरुवातीलाच बिंदू, रेषा यांच्या व्याख्या दिल्या. पुढच्या गणितज्ञांचं त्या व्याख्यांनी पुरतं समाधान झालं नाही. १८९९ मध्ये डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञानं भूमितीची नव्यानं मांडणी केली, तेव्हा त्यानं बिंदू, रेषा आणि प्रतल यांची व्याख्याच केली नाही. त्यांचे एकमेकांशी काय संबंध असतात, तेवढे नियम सांगितले. दोन हजार वर्षांहून अधिक काळ चाललेल्या विचाराचं हे फळ आपण अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच तासाला देतो आणि त्याला गोडी लागत नाही म्हणून त्याच्यावर नाराज होतो.

माणसाच्या हातून भूमिती घडली तीही अशा क्रमानं नाही. युक्लिडच्या कितीतरी आधीपासून इजिप्त आणि बॅबिलोनमध्ये लोक जमिनी मोजत होते. आपल्याकडे यज्ञवेदी बांधण्यासाठी दोरी आणि खुंट्या वापरून आखणी होत होती. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम स्वच्छ शब्दांत आहे. कर्णावर उभारलेल्या चौरसाचं क्षेत्रफळ दोन बाजूंवरच्या चौरसांच्या क्षेत्रफळांच्या बेरजेएवढं असतं, असा तो नियम. त्यासोबत ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४ अशा बाजूंच्या जोड्याही दिल्या आहेत. वेदीचा कोपरा अचूक हवा, ही गरज आधी होती. सूत्र त्या गरजेतून आलं.

माझे वडील गवंडी होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या भागात त्यांनी पुष्कळ घरं बांधली. पायाची आखणी करताना ते कोपऱ्यावर खुंटी ठोकायचे. तिथून एका सुतळीवर तीन फुटांवर आणि दुसऱ्या सुतळीवर चार फुटांवर खूण करायचे. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरेपर्यंत दुसरी सुतळी सरकवत राहायचे. पाच भरलं की म्हणायचे, “आता बसलं गुण्यात,” म्हणजे काटकोनात. नंतर चारही खुंट्या ठोकून झाल्या की समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन्ही अंतरं मोजायचे. ती सारखी आली नाहीत तर फक्की टाकू द्यायचे नाहीत. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतच झालं होतं. पण आयताचे कर्ण समान असतात, हे त्यांना हातानं ठाऊक होतं आणि त्यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता.

हेच काम मी शाळेच्या मैदानावर मुलांकडून करून घेते. कबड्डीचं मैदान आखायचं, १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. टेप, सुतळी, चार खुंट्या आणि फक्कीची बादली. सूचना फारशा द्यायच्या नाहीत. मुलं उत्साहानं तेरा मीटर मोजतात, दहा मोजतात, पुन्हा तेरा, पुन्हा दहा. चारही बाजू बरोबर येतात. मग कुणीतरी लांब उभं राहून ओरडतं, “बाई, ह्ये तिरकं झालंय की!” बाजू तर बरोबर आहेत, मग चुकलं कुठं? वाद सुरू होतो. एकजण पुन्हा बाजू मोजतो, दुसरी कोपऱ्यापाशी वहीचा काटकोन धरून पाहते. शेवटी कुणाला तरी आडवी सुतळी धरून पाहायचं सुचतं. एक कर्ण १७ मीटरच्या पुढं जातो, दुसरा १६ देखील भरत नाही. खुंट्या सरकवत सरकवत दोन्ही कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटरला येऊन जुळतात, तेव्हा मैदान सरळ होतं.

त्या एका तासात मुलांनी काय काय मिळवलं, ते मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या तरी चौकोन आयत असेलच असं नाही. तो समांतरभुज चौकोन असू शकतो. एक कोन काटकोन झाला की बाकीचे तीन आपोआप काटकोन होतात. कर्ण समान आले की समांतरभुज चौकोनाचा आयत झाला. हे गुणधर्म पुस्तकात चौकटीत छापलेले असतात आणि मुलं ते एकमेकांत मिसळून टाकतात. मैदानावर तसं होत नाही, कारण तिथं प्रत्येक गुणधर्मानं एक अडचण सोडवलेली असते. पुढच्या वर्गांत याच मुलांना पायथागोरसचं प्रमेय भेटतं. तेव्हा १३चा वर्ग आणि १०चा वर्ग मिळून २६९, त्याचं वर्गमूळ सुमारे १६.४ हे ती स्वतः काढतात आणि त्या दिवशीची सुतळी बरोबर होती, याची त्यांना खात्री पटते.

वर्तुळाचंही असंच. एक खुंटी, एक दोरी आणि दोरीच्या टोकाला खडू. गोल आखून झाल्यावर विचारायचं, हा गोलच का झाला? “खुंटीपासून सगळीकडं सारखंच अंतर हाय म्हणून,” हे उत्तर वर्गातून येतंच. पुस्तकातली वर्तुळाची व्याख्या याहून वेगळं काही सांगत नाही. मग मी फळ्यावर ‘केंद्र’ आणि ‘त्रिज्या’ हे शब्द लिहिते. खुंटीला आणि दोरीला नाव हवंच असतं, त्यामुळे मुलं ते शब्द लगेच उचलतात.

आकार नुसता ओळखणं आणि आकार समजणं यांत मोठं अंतर आहे. सहावीतल्या मुलांसमोर कागदी चौरस धरा, सगळी ‘चौरस’ म्हणतात. तोच कागद कोपऱ्यावर उभा धरा, निम्मा वर्ग म्हणतो, “आता शंकरपाळा झाला.” बाजू आणि कोन तसेच आहेत, पण मुलांच्या डोळ्यांना चित्र बदललेलं दिसतं. पिएर व्हान हीले आणि दिना व्हान हीले या डच शिक्षक दांपत्यानं नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला. १९५७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधांतून त्यांनी भूमितीच्या आकलनाच्या पाच पातळ्या मांडल्या. पहिल्या पातळीवर मूल आकार केवळ दिसण्यावरून ओळखतं. दुसऱ्या पातळीवर त्याला गुणधर्म दिसू लागतात. तिसऱ्या पातळीवर गुणधर्मांचे आपसातले संबंध कळतात आणि व्याख्येला अर्थ येतो. सिद्धता चौथ्या पातळीवर येते आणि पाचवी पातळी तर भूमितीच्या वेगवेगळ्या मांडण्यांची तुलना करणाऱ्यांची. मधली पायरी गाळून वर जाता येत नाही, हे त्यांचं महत्त्वाचं म्हणणं. शिक्षक तिसऱ्या पातळीवरून बोलत असेल आणि मूल पहिल्या पातळीवर असेल, तर दोघांची भाषाच जुळत नाही. ‘प्रत्येक चौरस हा आयत असतो’ हे वाक्य ऐकून मुलं गोंधळतात ती याच कारणानं.

यासाठी महागडं साहित्य लागत नाही. १८९३ मध्ये टी. सुंदर राव यांनी मद्रासहून केवळ कागदाच्या घड्यांवर भूमितीचं एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं. कसाही फाटलेला कागद घ्या. एक घडी घाला, सरळ कड मिळाली. ती कड कडेवर जुळवून पुन्हा घडी घाला, काटकोन मिळाला. पट्टी लागली नाही, गुण्या लागला नाही. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायला शिकवलं. त्या काड्यांचा चौरस बोटानं ढकलला की कलंडतो. त्रिकोण कितीही ढकलला तरी आकार सोडत नाही. हे हातात अनुभवलं की शाळेच्या पत्र्याखालच्या कैचीकडे बोट दाखवायचं. तिथं त्रिकोणच का आहेत, हे मुलं न सांगता ओळखतात.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो गंभीर आहे. सगळं कृतीतूनच शिकवलं तर भूमितीतला तर्क कुठं राहिला? मला तर्क हवाच आहे. सिद्धता हे या विषयाचं खरं वैभव आहे. त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवले की सरळकोन होतो, हे मुलं करून बघतात. तेव्हाच पुढचा प्रश्न टाकायचा. हा झाला तुझ्या वहीतला त्रिकोण. तू न काढलेल्या त्रिकोणाचं काय? जगातल्या एकूण एक त्रिकोणांचं काय? सगळे फाडून बघणार आहेस का? मग शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायची, व्युत्क्रम कोन शोधायचे आणि एकही कागद न फाडता सगळ्या त्रिकोणांबद्दल एकदम बोलायचं. कृती करून झालेल्या मुलालाच सिद्धतेची गरज जाणवते. नुसती पाठ करणारं मूल ‘पक्ष’, ‘साध्य’ आणि ‘सिद्धता’ हे तीन मथळे लिहितं आणि एक ओळ विसरलं की थांबतं.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम संपत नाही, मैदानावर तास कसे घालवायचे? मी उलट विचारते, नववी-दहावीत तीच ती प्रमेयं पुन्हा पुन्हा घोकून घेण्यात किती तास जातात? आपल्या दहावीला भूमितीची, म्हणजे गणित भाग दोनची, चाळीस गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. तरीही “प्रमेयं ऑप्शनला टाकली” हे वाक्य शाळेशाळेत ऐकू येतं. सहावीत दिलेले मैदानावरचे चार तास ही वेळ आणू देत नाहीत.

यासाठी नवं धोरण यायची वाट पाहायला नको. शिक्षकांनी पहिला तास वर्गाबाहेर घ्यावा. मुख्याध्यापकांनी त्याला गोंधळ म्हणू नये. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांतले काही गुण मंडळानं आखणी, घडीकाम, मोजमाप अशा प्रत्यक्ष कामासाठी राखून ठेवावेत, म्हणजे हे काम वेळ उरला तर करायचं राहणार नाही. गावोगावचे गवंडी, सुतार, शिवणकाम करणाऱ्या बाया यांना शाळेत बोलवावं आणि त्यांनी मुलांना एक माप घेऊन दाखवावं. आणि पालकांनी एवढंच करावं की मुलाच्या हाती सुतळीचं एक बंडल आणि टेप द्यावी, आणि घरातली खोली खरोखर गुण्यात आहे का, हे त्याला स्वतः शोधू द्यावं.