सेवाभावाला शास्त्राची जोड

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच खल सुरू होतो : आता पुढे काय? देहूरोड, किवळे, निगडीपासून थेट चाकणपर्यंतच्या पट्ट्यात या प्रश्नाची उत्तरे जणू ठरून गेलेली आहेत. अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका, जमल्यास संगणक, नाहीतर वाणिज्य, औषधनिर्माण किंवा परिचर्या. ज्या परिसरातील चुली कारखान्यांच्या भोंग्यांवर पेटल्या, तेथे हे स्वाभाविकही आहे. अशा एखाद्या घरातील मुलीने समाजकार्याची पदवी घेण्याची इच्छा बोलून दाखवली की मात्र घर क्षणभर स्तब्ध होते. मग कोणी वडीलधारे म्हणतात, ‘‘समाजसेवा खुशाल कर. पण त्यासाठी पदवी कशाला?’’

हा प्रश्न सेवेविषयी अनास्था असलेल्या घरांतून येत नाही. जेथे सेवेला मान आहे, वडील कधीकाळी पूरग्रस्तांसाठी धान्य गोळा करत फिरले आहेत, आई वस्तीतील संस्कारवर्ग चालवते, अशाच घरांतून तो येतो. म्हणूनच त्याचे उत्तर गांभीर्याने शोधले पाहिजे.

प्रश्नात तथ्य दिसते, कारण महाराष्ट्राची सेवापरंपरा पदव्यांच्या आधारावर उभी राहिलेली नाही. देहूरोड स्थानकापासून थोड्याच अंतरावर ज्यांचे गाव आहे, त्या तुकोबांनी दुःखितांना आपले म्हणण्यातच साधुत्व पाहिले. १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. यमगरवाडीत १९९३ पासून पारधी व भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांसाठी जे काम उभे राहिले, ज्यांना ते घडवण्याचे श्रेय जाते त्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले, ते कामही कोणत्या महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रामुळे झालेले नाही. मग पदवीचा हट्ट कशाला?

परंपरा प्रशिक्षणाचीच

परंतु हीच परंपरा जरा बारकाईने पाहिली तर वेगळे चित्र दिसते. नामदार गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षे प्रशिक्षणात घालवावी लागत. देशसेवेची तळमळ घेऊन आलेल्या सुशिक्षित तरुणालाही गोखले लगेच कामाला जुंपत नसत. आधी वाच, हिंड, पाहा, शीक, असा त्यांचा दंडक होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली अस्पृश्योद्धाराचे कार्य हाती घेतले, पण त्यापूर्वी १९०१ ते १९०३ या काळात ते ऑक्सफर्डला तौलनिक धर्माचा अभ्यास करून आले होते. संघाच्या कार्यपद्धतीत शिक्षा वर्गांना जे स्थान आहे, त्यामागेही हीच धारणा आहे. कार्यकर्ता भावनेने येतो, पण घडतो तो शिक्षणाने. ‘सेवेला शिक्षण लागत नाही’ हे मत म्हणजे परंपरेचा वारसा नव्हे. ती अलीकडची सोयीस्कर समजूत आहे.

समाजकार्याचे विद्यापीठीय शिक्षण भारतात सुरू झाले ते मुंबईत. १९३६ साली टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने आणि क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्याच्या पुढाकाराने नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाची शाळा उघडली. आज ती टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन सुरू झाले. पण हा प्रवाह केवळ परकीय पुढाकारावर वाढला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली नागपुरात लावलेल्या मातृसेवा संघाच्या रोपट्याला १९५८ साली समाजकार्य शिक्षणाची फांदी फुटली, आणि १९६३ साली पुण्यात महर्षी कर्वे यांच्या नावाची समाजसेवा संस्था उभी राहिली. सेवेतून शिक्षणाकडे जाणारी ही वाट अस्सल मराठी आहे.

बस्ती हीच प्रयोगशाळा

या पदवीत शिकवतात तरी काय? मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा, आरोग्य हे विषय तर असतातच, पण तिचा गाभा आहे तो कार्यपद्धतींचा. एका व्यक्तीबरोबर काम कसे करावे ते व्यक्तिसहाय्य कार्य, गटाबरोबर कसे करावे ते गटकार्य, आणि संपूर्ण वस्तीबरोबर कसे करावे ते समुदाय संघटन. विद्यार्थी आठवड्यातील काही दिवस वर्गाबाहेर, म्हणजे रुग्णालयात, शाळेत, बालगृहात किंवा वस्तीत काम करतो. यालाच क्षेत्रकार्य म्हणतात. केलेल्या प्रत्येक भेटीचा अहवाल तो लिहितो आणि शिक्षक त्यावर त्याच्याशी चर्चा करतो. काय बोललास, का बोललास, समोरच्याने काय सांगितले आणि काय सांगायचे टाळले, याचा हा ताळा असतो.

अशा शिक्षणासाठी देहूरोडइतकी बोलकी प्रयोगशाळा क्वचितच मिळेल. आयुध निर्माणी व लष्करी डेपोंच्या आश्रयाने येथे जी वस्ती वाढली, तिच्यात मराठीबरोबर तमिळ, तेलुगू, हिंदी, पंजाबी बोलणारी कुटुंबे नांदली. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश होता. एकीकडे देहूची वारी, दुसरीकडे हा बुद्धविहार, पलीकडे गुरुद्वारा, आणि आसपासच्या खोल्यांतून चाकण-तळेगावच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारे नवे तरुण. समरसता हा शब्द भाषणात उच्चारणे सोपे आहे. या वस्तीत तो जगायचा म्हणजे काय, हे तीन वर्षे दारोदार फिरल्याशिवाय कळत नाही.

शिवाय हा परिसर कारभाराच्या दृष्टीने गुंतागुंतीचा. लष्करी कॅन्टोन्मेंटची हद्द संपते न संपते तोच पिंपरी-चिंचवड महापालिकेची सुरू होते, आणि पलीकडे देहूची नगरपंचायत. घर एका हद्दीत, नोकरी दुसऱ्या, मुलाचा जन्म पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात आणि मूळ गाव मराठवाड्यात किंवा तमिळनाडूत. अशा कुटुंबातील विधवेने कोणत्या दाखल्यासाठी कोणते दार ठोठवायचे? केवळ कळवळा असलेला कार्यकर्ता तिला महिन्याचे धान्य भरून देईल, आणि ते पुण्याचेच काम आहे. पण तिचे हक्काचे निवृत्तिवेतन, राज्य विमा योजनेतील लाभ, मुलाचा शाळाप्रवेश हे सारे मार्गी लावून तिला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागणार नाही अशी व्यवस्था करणे, हे वेगळे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते.

चांगुलपणाचा अपराध

यापेक्षाही गंभीर मुद्दा आहे. अप्रशिक्षित चांगुलपणा कित्येकदा ज्याची सेवा करायची त्यालाच इजा करतो. समजा, रेल्वे फलाटावर एक हरवलेले मूल रडताना दिसले. एखादा सहृदय गृहस्थ त्याला घरी नेतो, जेवू-खाऊ घालतो, चार दिवस ठेवून घेतो. हेतू निर्मळ आहे, पण २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार असे मूल प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर केले पाहिजे. यात दिरंगाई झाली तर मूल पालकांपासून आणखी दुरावते आणि गृहस्थही अडचणीत येतो.

दुसरे उदाहरण अधिक क्लेशदायक आहे. वस्तीतील एखाद्या बालिकेवर जवळच्याच माणसाने अत्याचार केल्याचे कळते. वस्तीतील प्रतिष्ठित मंडळी एकत्र बसतात आणि ‘मुलीची अब्रू’ राखण्यासाठी प्रकरण आपसात मिटवतात. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि न कळवणे हाच अपराध आहे. मुलगी मात्र त्याच गल्लीत, त्याच माणसाच्या नजरेसमोर वाढत राहते. येथे कमी पडतो तो सेवाभाव नव्हे. कमी पडते ते ज्ञान, आणि समाजाची नाराजी पत्करण्याचे प्रशिक्षित धैर्य.

कायद्यानेही ही गरज ओळखली आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकांचा निवाडा करणाऱ्या बालन्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांतील एक महिला असावी लागते. एखाद्या मुलाचे भवितव्य ठरवण्याच्या आसनावर राज्याने समाजकार्यकर्त्याला स्थान दिले आहे. त्या आसनावर कोणी बसावे, हा प्रश्न सेवेचा वसा सांगणाऱ्या घरांनी स्वतःला विचारायला हवा.

पोटापाण्याचा प्रश्न

‘हे सारे खरे, पण पोट भरेल का?’ हा आईवडिलांचा प्रश्न क्षुद्र नाही आणि त्याला गुळमुळीत उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वाटा आहेत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली, आणि समाजसेवा अधीक्षक हे पद सरकारी रुग्णालयांत रुजले. पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना अधिनियमाने घातले, आणि २०२० च्या संहितेने ही संख्या अडीचशेवर आणली. पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे भाग पाडले. हा पैसा योग्य जागी पोहोचवण्यासाठी जाणती माणसे लागतात.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बऱ्याच पदांसाठी केवळ पदवी पुरत नाही, पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यासाठी तर २०१७ च्या कायद्याने त्यापुढील विशेष अभ्यासाची अट घातली आहे. अनेक नेमणुका कंत्राटी असतात, वेतन तुटपुंजे असते. वकिलांची किंवा डॉक्टरांची असते तशी संपूर्ण व्यवसायाची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषदही नाही; वैद्यकीय व मनोविकार क्षेत्रांतील समाजकार्यकर्त्यांना मात्र २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने आपल्या कक्षेत घेतले आहे. तेव्हा या पदवीकडे पाया म्हणून पाहावे. अठराव्या वर्षी वस्तीत पाऊल टाकलेला विद्यार्थी एकविसाव्या वर्षापर्यंत माणसे वाचायला शिकतो, आणि ही शिदोरी पुढे कोणत्याही क्षेत्रात उपयोगी पडते.

टीका करणाऱ्यांचे कर्तव्य

या शिक्षणावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत तथ्य आहे. अभ्यासक्रमाचा सांगाडा पश्चिमेकडून आला. मेरी रिचमंड यांच्या १९१७ च्या ग्रंथापासून रचल्या गेलेल्या पद्धतीत एकटी व्यक्ती केंद्रस्थानी आहे. आपल्याकडील माणूस कुटुंब, जात, गाव यांच्या धाग्यांनी विणलेला असतो. काही ठिकाणी समाज म्हणजे केवळ शोषक आणि शोषित अशी ढोबळ विभागणी शिकवली जाते. समाजाच्या अंगभूत सामर्थ्याकडे, संतपरंपरेकडे, परस्पर साहाय्याच्या रीतींकडे पाहण्याची दृष्टी दिली जात नाही. काही महाविद्यालयांत क्षेत्रकार्य कागदावरच उरते.

पण मग आपले काय? शोषणाचा उल्लेख झाला की अस्वस्थ होणारा मध्यमवर्ग स्वतःच्या घरी येणाऱ्या मोलकरणीच्या मुलीची शाळा का सुटली, हे विचारतो का? जातीमुळे आजही कोणाला काय सोसावे लागते, हे पाहण्याचे त्याला टाळताच येते. क्षेत्रकार्य ते टाळू देत नाही आणि म्हणूनच ते आपल्या मुलांना हवे. बाहेर उभे राहून अभ्यासक्रमाला नावे ठेवल्याने तो बदलत नाही. संस्कारांची शिदोरी घेतलेली मुले-मुली त्या वर्गात बसतील, पुढे शिकतील, शिकवतील, पाठ्यपुस्तके लिहितील, तेव्हाच त्याला या मातीचा गंध येईल.

तुळजापूर तालुक्यातच या दोन प्रवाहांचे दर्शन घडते. टाटा संस्थेचा ग्रामीण परिसर तुळजापुरात आहे आणि यमगरवाडीचा प्रकल्पही त्याच तालुक्यात. एकीकडे शास्त्र, दुसरीकडे सेवा. या दोहोंत जा-ये वाढली तर दोन्हींचा लाभ आहे. चिंचवडच्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्‌सारख्या प्रकल्पांनी आणि परिसरातील लहान-मोठ्या सेवाकार्यांनी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी आवर्जून बोलवावे. त्यांना पत्रके वाटायला न लावता खरे काम द्यावे, आणि त्यांच्या अहवालात आपल्या उणिवा लिहिलेल्या आढळल्या तर त्या मोकळेपणाने वाचाव्यात.

पालकांनीही प्रवेश घेताना इमारत पाहू नये. आठवड्यात क्षेत्रकार्याचे दिवस किती, एका शिक्षकाकडे विद्यार्थी किती, अहवालांवर चर्चा होते की केवळ सही, हे विचारावे. या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर मुलीला लोकलचा पास काढून द्यावा आणि निर्धास्त पाठवावे.

‘समाजसेवा करायला पदवी कशाला?’ याचे उत्तर इतकेच, की ज्याची सेवा करायची तो मनुष्य आपल्या शिकाऊपणाचा बळी ठरू नये म्हणून. देवपूजेची फुले आपण निवडून घेतो. जनताजनार्दनाच्या पूजेला बसताना हात अधिक स्वच्छ आणि अधिक जाणते असले पाहिजेत.