जुन्या गाडीचा राहून गेलेला रिकॉल

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या दोन मॉडेलच्या ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या या गाड्यांच्या स्टिअरिंगमधील टाय रॉड सदोष असण्याची शक्यता होती. क्वचित प्रसंगी तो तुटून गाडीवरील ताबा कमी होऊ शकतो, असे कंपनीनेच कळविले होते. पुढच्याच महिन्यात महिंद्रने एक्सयूव्ही ७०० च्या १,०८,३०६ गाड्या इंजिनाजवळील वायरिंग घासून कापले जाण्याच्या शंकेने तपासणीस घेतल्या. दुरुस्ती अर्थातच विनामूल्य होती.

यांपैकी ईको आपल्या वाचकांच्या विशेष परिचयाची. परभणीचा मोंढा असो की जिंतूर, सेलू, मानवतची बाजारपेठ, सकाळी दुकानाचा माल आणि संध्याकाळी घरची माणसे अशी दुहेरी सेवा ही गाडी करते. दोन-चार वर्षे वापरून ती विकली जाते आणि नवा मालक बहुधा जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यामार्फत मिळतो. अडचण येथेच सुरू होते. रिकॉलची सूचना कंपनीच्या नोंदवहीतील मालकाकडे, म्हणजे बहुधा पहिल्या खरेदीदाराकडे जाते. त्याने गाडी विकलेली असते, एव्हाना मोबाइल क्रमांकही बदललेला असतो. ज्याचे कुटुंब त्या गाडीतून रोज प्रवास करते, त्याला मात्र काहीच ठाऊक नसते.

कायदा काय म्हणतो? २०१२ पासून ‘सियाम’ या वाहन-उत्पादकांच्या संघटनेची आचारसंहिता होती, पण ती ऐच्छिक. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतील वाहनांत सुरक्षेला बाधक दोष आढळल्यास सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. अशा वेळी उत्पादकाला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून गाड्या परत बोलावल्या, तर दंड नाही. (उत्पादकाला गाडीची पूर्ण किंमत परत करावी लागली, तर ती तारण-कराराच्या अधीन राहील, असेही हे कलम सांगते. कायदा करताना बँकेची आठवण ठेवल्याचे पाहून आम्हा जुन्या बँकवाल्यांना बरे वाटते.)

विक्रेत्यासाठी कलम १८२-अ आहे. वाहनाच्या बांधणीविषयक प्रकरणाशी विसंगत वाहन विकणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कारावास, प्रत्येक वाहनामागे १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ११०-अ याच प्रकरणातले आहे. तथापि, रिकॉलची दुरुस्ती झाल्याशिवाय जुने वाहन विकू नये, असे एका वाक्यात सांगणारा नियम आपल्याकडे नाही. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले. व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना दिली की तो तिचा मानीव मालक ठरतो. नूतनीकरण, ना-हरकत, मालकी-हस्तांतर यांसाठी तो अर्ज करू शकतो. माझ्या मते, जो मानीव मालक आहे, त्यानेच मालक या नात्याने सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी करणे उचित आहे. नियमात हे एक वाक्य घालणे शासनाला अवघड नाही.

अमेरिकेतही ही फट पूर्णपणे बुजलेली नाही. तेथे रिकॉल झालेली नवी गाडी दुरुस्तीविना विकण्यास डीलरला मनाई आहे, पण जुन्या गाडीला हे बंधन लागू नाही. भाड्याच्या गाड्यांबाबत मात्र २०१५ मध्ये कायदा झाला. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात रिकॉल होऊनही दुरुस्त न केलेल्या भाड्याच्या गाडीच्या अपघातात रेशेल आणि जॅकलीन हाऊक या दोन बहिणी मृत्युमुखी पडल्या. त्यांच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्या नावाचा कायदा झाला.

आपल्याकडे खरेदीदाराला आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८६ चा. उत्पादकाने दिलेली धोक्याची सूचना विक्रेत्याने ग्राहकापर्यंत पोचविली नाही आणि त्यामुळेच हानी झाली, तर विक्रेता भरपाईस जबाबदार ठरू शकतो. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. परंतु व्यापारी कुटुंबांनी येथे सावध राहावे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यापुरता अपवाद आहे. पेढीच्या नावाने घेतलेल्या, घसारा लावलेल्या गाडीबाबत हा आक्षेप हमखास निघेल. मग उरतो १९३० चा वस्तुविक्री कायदा. त्याच्या कलम १६ नुसार, खरेदीदाराने प्रयोजन सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो माल त्या प्रयोजनास योग्य असणे ही गृहीत अट असते. पण प्रयोजन सांगितले होते, हे सिद्ध कसे करणार? तोंडी सौद्यात ते अशक्यप्राय आहे.

वाहनकर्जाच्या फाइलीत आर.सी., विमा, मूल्यांकन यांचे रकाने मी नोकरीच्या काळात सदैव पाहिले; ‘रिकॉल पूर्ण झाला काय’ हा रकाना एकाही फाइलीत नव्हता. तेव्हा तो खरेदीदाराने स्वतःच आखावा. आर.सी.वरील सतरा अक्षरांचा चेसिस क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर तो घालून पाहावा. गाडी कितव्या हाती आहे याने विनामूल्य दुरुस्तीच्या हक्कात फरक पडत नाही. आपण स्वतः गाडी विकत असाल, तर झालेल्या दुरुस्तीची जॉबकार्डची प्रत आर.सी.सोबत द्यावी. विकत घेत असाल, तर बयाणा देण्यापूर्वी सौदाचिठ्ठीवर गाडीचा वापर कशासाठी आहे ते लिहावे आणि त्याखाली ‘या चेसिस क्रमांकाचा कोणताही रिकॉल बाकी नाही’ एवढी ओळ लिहून व्यापाऱ्याची सही व शिक्का घ्यावा.