उकड काढा, अंडी घाला, पोकळ पफ फुगवा



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांच्या केकच्या दुकानांत काचेच्या कपाटात क्रीम भरलेले सोनेरी गोळे आपण पाहिले असतील. ते वरून कुरकुरीत आणि आतून पोकळ असतात. चहाबरोबर मिळणारी पदरांची खारी किंवा बटाट्याचे पॅटिस ती हे नव्हे. मूळ पदार्थ फ्रान्सचा. तिकडे त्याला 'शू' म्हणतात आणि शू म्हणजे कोबी. भाजून फुगला की गोळा छोट्या कोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव.

हा विषय घेण्याचे कारण म्हणजे परसातली कोंबडी. चार-सहा गावरान कोंबड्या असल्या की कधी अंडी साचतात आणि मिळेल त्या भावाला जातात. त्या अंड्यांना घरच्या घरी चांगला मोल आणणारा हा पदार्थ आहे. दुसरे असे, की त्याचे अर्धे काम आपल्या सुगरणींच्या हातात आधीच आहे. या पदार्थाचे पीठ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून उकडच आहे. मोदकाला किंवा आगरी घरात तांदळाच्या भाकरीला आपण आधणात पीठ घालून उकड काढतो, तशीच ही मैद्याची उकड.

फरक एवढाच, की तांदळाच्या पिठात ताणला जाणारा चिवट अंश नसतो. म्हणून मोदकाची पारी जरा सुकली की चिरते. गव्हाच्या मैद्यात तो चिवटपणा असतो आणि अंड्याने त्यात भर पडते. उकडीमुळे मैदा एरवीपेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतो. भट्टीत त्या पाण्याची वाफ होते. एक वाटी पाण्याची वाफ सुमारे सोळाशे वाट्या जागा मागते! ती पिठाला आतून ढकलते, गोळा फुगतो, आणि उष्णतेने अंडे व पीठ घट्ट होऊन ती पोकळी कायम राहते. सोडा किंवा बेकिंग पावडर लागत नाही.

वाफेचा हा खेळ आपल्या शेजारीच पाहायला मिळतो. उल्हासनगर 1949 साली सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वसले. तेथील डाळ-पकवान प्रसिद्ध आहे. पकवान फुगू नये म्हणून तळण्यापूर्वी ते टोचतात, म्हणजे वाफ निसटते. पुरी मात्र आपण टोचत नाही. पफ हा पुरीच्या कुळातला, म्हणून त्याची वाफ वेळेआधी सोडायची नाही.

आता मापे सांगतो. पाणी 125 मिलिलिटर, लोणी 55 ग्रॅम, चाळलेला मैदा 75 ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि फोडलेल्या अंड्यांचा बलक व पांढरे मिळून 100 ग्रॅम. घरचे लोणी घेतल्यास ताक पूर्ण निघेपर्यंत धुऊन निथळून घ्यावे. तूप असल्यास 45 ग्रॅम पुरे, कारण त्यात पाण्याचा अंश नसतो. एवढ्यात लिंबाहून जरा लहान असे पंधराच्या आसपास पफ होतात.

अंडी मोजू नका, वजन करा. पुस्तकात 'दोन अंडी' लिहिलेले असते ते मोठ्या, फार्मच्या अंड्याचे. गावरान अंडे चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते आणि कवच गेले की आत सुमारे पस्तीस ग्रॅमच उरतात. म्हणजे दोनाच्या जागी साधारण तीन लागतात.

कृती अशी. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी, मीठ आणि लोण्याचे लहान तुकडे घालून मंद आचेवर ठेवा. लोणी वितळले की आच वाढवून खळखळून उकळी आणा. लोणी वितळण्यापूर्वी पाणी उकळत ठेवले तर ते आटते आणि माप बिघडते. उकळी येताच सगळा मैदा एकदम टाका आणि लाकडी उलथन्याने जोराने घोटा. गोळा कडा सोडू लागला की आणखी दोन मिनिटे मंद आचेवर परता. पातेल्याच्या बुडाला पातळ पापुद्रा धरला की उकड तयार झाली.

उकड परातीत पसरून बोट सहज लावता येईल इतकी निववा. गरम उकडीत अंडे घातले तर ते शिजून गुठळ्या होतात. फेटलेले अंडे चार वेळा थोडे थोडे घाला आणि प्रत्येक वेळी पूर्ण मिसळेपर्यंत घोटा. आधी पीठ फुटल्यासारखे दिसेल, घाबरू नका, घोटल्यावर जुळते. शेवटचा भाग जपून घाला. उलथने वर उचलले की पीठ त्रिकोणी लोंबले पाहिजे. तसे झाले की थांबा, अंडे उरले तरी चालेल. पातळ झालेले पीठ पुन्हा घट्ट करता येत नाही, ते ताटात पसरते.

स्वच्छ प्लॅस्टिक पिशवीचा कोपरा कापून किंवा दोन चमच्यांनी तूप लावलेल्या ताटात गोळे घाला. दोन गोळ्यांत दोन बोटे अंतर ठेवा. वरची टोके ओल्या बोटाने दाबा, नाहीतर ती जळतात. भट्टी आधीच 200 अंशांवर तापवलेली असावी. प्रथम वीस मिनिटे 200 वर, मग पंधरा-वीस मिनिटे 170 वर. पहिली वीस-पंचवीस मिनिटे दार उघडू नका. वीज गेली तरी दार बंदच ठेवा, आतल्या उष्णतेने काही पफ वाचतात.

बहुतेकांचे पफ भट्टीबाहेर काढल्यावर बसतात. रंग आला म्हणजे झाले, असे समजू नका. कवच आतून ओले असेल तर वाफ निवताच ते दबते. पफ उचलून पाहा, हाताला हलका लागला पाहिजे. मग प्रत्येकाला सुईने एक भोक पाडा आणि भट्टी बंद करून दार किंचित उघडे ठेवून दहा मिनिटे सुकू द्या. इथे मात्र वाफ सोडायचीच.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा त्यांना लगेच मऊ करते. रिकामे पफ पूर्ण निवल्यावर घट्ट डब्यात ठेवा. खाण्यापूर्वी 150 अंशांवर पाच-सात मिनिटे गरम केले की पुन्हा कुरकुरीत होतात. सारण आयत्या वेळी भरा. चक्का व साखर, किंवा जूनमध्ये बदलापूरच्या जांभळांचा घट्ट आटवलेला गर त्यात घालून भरल्यास उत्तम. तिखट हवे असेल तर उकडलेले अंडे, कांदा, मिरची.

विकण्याचा विचार असेल तर दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. दूध, अंडी व क्रीम यांचे सारण उकाड्यात लवकर नासते आणि वासावरून ते नेहमी कळत नाही. हळदीच्या किंवा साखरपुड्याच्या मांडवात दुपारभर पडलेल्या भरल्या पफांनी सगळे वऱ्हाड आजारी पडू शकते. म्हणून बर्फाची किंवा फ्रिजची सोय नसेल तर रिकामे पफच विका. दुसरे, घरगुती असला तरी खाद्यपदार्थाच्या धंद्याला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती आधी करून घ्या.

कर्ज काढून भट्टी घेण्याची घाई नको. 1500 वॉटची घरगुती भट्टी तासाला फार तर दीड युनिट वीज घेते. एकदा तापवली की पाठोपाठ दोन-तीन ताटे भाजून घ्यावीत. आधी कोणाच्या तरी भट्टीवर सात-आठ घाणे काढा. अंडी, लोणी, मैदा, वीज आणि स्वतःची मजुरी धरून एका पफाला खर्च किती आला ते वहीत लिहा. फसलेला घाणाही त्यात धरा. एवढे करून पदरात काही उरत असेल तरच भट्टीचा विचार करावा. उरत नसेल तर पफ सणासुदीला घरच्या मुलांसाठी करावेत, अंड्यांचे चीज तेथेही होतेच.