दियालो तेली : न्यायमंत्र्याच्या वाट्याला आलेला न्याय

नेल्सन मंडेला हे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. रिव्होनिया खटल्यात त्यांना फाशी होणार अशी भीती होती, आणि १२ जून १९६४ रोजी जन्मठेपेवर निभावले, हेही पुष्कळांनी वाचले असेल. हा खटला सुरू होत असतानाच, ११ ऑक्टोबर १९६३ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने तो थांबवा आणि राजकीय कैद्यांना सोडा, असा ठराव १०६ विरुद्ध १ अशा मतांनी केला होता. ते एक मत अर्थातच दक्षिण आफ्रिकेचे. या कामी जी माणसे झटत होती त्यांच्यात गिनी या छोट्या देशाचे एक कायदेपंडित होते, बुबाकार दियालो तेली. मंडेला सत्तावीस वर्षांनी तुरुंगाबाहेर आले ते साऱ्या जगाने पाहिले. तेली ज्या तुरुंगात गेले त्यातून ते परत आले नाहीत. आणि तो तुरुंग गोऱ्यांनी चालवलेला नव्हता.

वाचकहो, आज या सदरात त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

तेलींचा जन्म १९२५ सालचा, गिनीतल्या फुटा जालोन या डोंगराळ प्रदेशातील पोरेदाका गावचा. जमात फुला, मूळची गुरे पाळणारी. गिनी तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. काळ्या मुलाने कारकून व्हावे, फार तर शिक्षक व्हावे, ही त्या काळची मर्यादा. तेली डाकारला शिकले, पॅरिसला गेले, कायदा शिकले, आणि वसाहतींचा कारभार पाहणारे अधिकारी जिथे तयार होत त्या संस्थेतूनही बाहेर पडले. मग सेनेगल आणि दाहोमे (आजचा बेनिन) इथल्या न्यायालयांत नोकरी. १९५७ साली ते फ्रेंच पश्चिम आफ्रिकेच्या महापरिषदेचे सरचिटणीस झाले. आफ्रिकी माणसाला त्या राजवटीत मिळालेली ही फार वरची जागा होती.

२८ सप्टेंबर १९५८ रोजी फ्रान्सच्या द गॉल यांनी आपल्या आफ्रिकी वसाहतींत सार्वमत घेतले. प्रश्न असा, की फ्रान्सच्या छत्राखाली राहता की नाही? बाकी सर्व वसाहती 'हो' म्हणाल्या, एकटा गिनी 'नाही' म्हणाला, तेही शेकडा पंच्याण्णवाहून अधिक मतांनी. गुलामीतल्या श्रीमंतीपेक्षा स्वातंत्र्यातली गरिबी बरी, असे गिनीचे नेते सेकू तुरे यांनी द गॉल यांना तोंडावर सुनावले होते. फ्रेंचांनी त्याचा सूड उगवला. अधिकारी निघून गेले, जाताना कागदपत्रे आणि टेलिफोनसुद्धा घेऊन गेले असे सांगतात. २ ऑक्टोबरला स्वतंत्र झालेल्या या देशाला जगात ओळख मिळवून देण्यासाठी तुरे यांनी तेलींना न्यूयॉर्कला पाठवले. १२ डिसेंबर १९५८ रोजी गिनी राष्ट्रसंघाचा सभासद झाला. पुढे काही काळ ते अमेरिकेतील राजदूतही होते.

राष्ट्रसंघाने वर्णभेदाविरुद्ध जी खास समिती नेमली, तिचे पहिले अध्यक्ष तेली. एप्रिल १९६३ मध्ये अकरा सभासदांची ही समिती कामाला लागली. पाश्चात्त्य राष्ट्रांनी तिच्यात बसायला नकार दिला. बड्यांचा पाठिंबा नाही, पैसा नाही, आणि समोर सोन्याहिऱ्यांच्या खाणी असलेले दक्षिण आफ्रिकेचे सरकार. समितीचे मुख्य सचिव होते आपल्याकडचे, आंध्रात जन्मलेले ई. एस. रेड्डी. आफ्रिकी अध्यक्ष आणि भारतीय सचिव अशा या जोडीने ज्या कामाचा पाया घातला, ते पुढे तीस वर्षे चालले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत रेड्डींचे नाव का नाही, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो.

याच समितीपुढे जुलै १९६३ मध्ये गायिका मिरियम मकेबा साक्षीला उभ्या राहिल्या. आपल्या माणसांवर होणारा अन्याय त्यांनी सांगितला, आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यांच्या गाण्यांच्या तबकड्यांवर बंदी घातली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे पुन्हा येणार आहे.

जुलै १९६४ मध्ये कैरोच्या परिषदेत तेली आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले सरचिटणीस निवडले गेले. हुद्दा होता 'प्रशासकीय सरचिटणीस'. 'प्रशासकीय' हा शब्द राष्ट्रप्रमुखांनी मुद्दाम घातला होता, कारण त्यांना आपल्या डोक्यावर कोणी बसवायचा नव्हता, फाइली सांभाळणारा हवा होता. तेली फाइली सांभाळून गप्प बसणारे नव्हते. ते फार बोलतात, अशी तक्रार काही राष्ट्रप्रमुखांची कायम राहिली. तरी आठ वर्षे, १९७२ पर्यंत, ते अदिस अबाबाच्या त्या खुर्चीवर होते.

या काळात त्यांच्या स्वतःच्या देशात काय चालले होते? ज्या तुरे यांनी द गॉल यांना 'नाही' म्हटले, त्यांना देशात कोणी 'नाही' म्हटलेले खपेनासे झाले. एकच पक्ष, एकच नेता. दर एकदोन वर्षांनी नवे 'कारस्थान' उघडकीला यायचे आणि तुरुंग भरायचे. नोव्हेंबर १९७० मध्ये पोर्तुगीजांनी राजधानी कोनाक्रीवर खरोखरच हल्ला केला. पण त्यानंतर जी धरपकड झाली तिच्यात मंत्री, अधिकारी, डॉक्टर, एवढेच काय, कोनाक्रीचे आर्चबिशपही आत गेले. जानेवारी १९७१ मध्ये शहरातील एका पुलावर माजी मंत्र्यांना जाहीर फाशी देण्यात आली.

हे सारे तेलींना ठाऊक होते. तरी १९७२ साली मुदत संपल्यावर ते परत गेले. जाऊ नका, असे स्नेह्यांनी बजावले होते. त्यांना पॅरिसला किंवा न्यूयॉर्कला सुखाने राहता आले असते. का गेले असतील? देशप्रेम म्हणावे, तुरे यांच्यावरचा विश्वास म्हणावा, की आपल्याला सारे जग ओळखते तेव्हा आपल्या केसाला धक्का लागणार नाही हा भरवसा? आम्हाला वाटते, थोडे थोडे सगळेच असावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हाला भाग आहे. तेलींना आम्ही देव्हाऱ्यात बसवत नाही. त्यांनी वर्षानुवर्षे जगापुढे याच राजवटीची वकिली केली. पुलावर फाशी दिली गेली तेव्हा ते जाहीरपणे विरोधात बोलले नाहीत. ऑगस्ट १९७२ मध्ये त्यांनी न्यायमंत्रिपद स्वीकारले. कोनाक्रीच्या कॅम्प बोइरोत माणसे विनाखटला सडत होती, आणि ती कोठडी न्यायमंत्र्याच्या अखत्यारीत नव्हती. तिथे 'क्रांतिकारी समिती'चा अंमल होता आणि त्या समितीचे सूत्रधार होते तुरे यांचे सावत्र भाऊ इस्माएल तुरे. ज्या न्यायमंत्र्याला तुरुंगाचे दार उघडता येत नाही, तो कसला न्यायमंत्री? चार वर्षे तेली त्या खुर्चीवर होते.

१८ जुलै १९७६, रविवार. सैनिक घरी आले आणि न्यायमंत्र्यांना घेऊन गेले. आरोप असा, की फुला जमातीने सरकार उलथवण्याचे कारस्थान रचले आहे, तेली त्याचे म्होरके आहेत आणि अमेरिकन हेरखात्याचे हस्तक आहेत. पुढच्या महिन्यात अध्यक्ष तुरे यांनी भाषणांतून साऱ्या फुला जमातीवर आग ओकली. त्या जमातीच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या बंद करण्याची घोषणा झाली. एका माणसाचे नाव पुढे करून सगळ्या जमातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे आणि पहिला घाव मुलांच्या शिक्षणावर घालायचा, हा प्रकार काय असतो ते आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

बोइरोत चौकशीच्या खोलीला 'तांत्रिक कक्ष' म्हणत. तिथे विजेचे झटके देत. पाहिजे तो कबुलीजबाब लिहून होईपर्यंत कैद्याची सुटका नसे, आणि मग तो जबाब रेडिओवरून देशाला ऐकवला जाई. तेलींच्या बाबतीतही हेच झाले. वकील नाही, साक्षीदार नाही, न्यायाधीश नाही. ज्याचे अर्धे आयुष्य कायद्यात गेले त्याला कायद्यातले एक कलमही उपयोगी पडले नाही.

बोइरोत एक शिक्षा होती, तिला फ्रेंचमध्ये 'डिएत न्वार' म्हणत. म्हणजे 'काळे पथ्य'. पथ्य हा आजाऱ्याला बरे करण्याचा शब्द! इथे त्याचा अर्थ एवढाच, की कोठडीचे दार लावायचे आणि माणूस मरेपर्यंत अन्न द्यायचे नाही, पाणीही द्यायचे नाही. पत्र्याच्या छपराखालची ती कोठडी, आणि दिवसाचा तो उष्मा. फेब्रुवारी १९७७ मध्ये तेलींना या 'पथ्यावर' ठेवले. त्यांच्याबरोबर आणखी चौघे होते, त्यांत मंत्रिपद भूषवलेले अलियून द्रामे आणि डॉ. अल्फा उमर बारी. १ मार्चच्या सुमारास तेलींचा प्राण गेला. वय बावन्नच्या आत-बाहेर.

त्या दिवसांत मिरियम मकेबा गिनीतच राहत होत्या. स्वतःच्या देशाने दारे बंद केल्यावर तुरे यांनी त्यांना आसरा दिला होता आणि गिनीच्या प्रतिनिधी म्हणून राष्ट्रसंघातही पाठवले होते. ज्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली तिचा अध्यक्ष त्याच शहरात तहानेने मेला. मकेबांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. छळ सोसलेल्याला जो आसरा देतो तोच दुसऱ्याचा छळ करत असू शकतो, आणि हे मान्य करायला फार जड जाते. जगानेही कुठे मान्य केले? तेलींच्या मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत, डिसेंबर १९७८ मध्ये, फ्रान्सचे अध्यक्ष जिस्कार देस्तँ कोनाक्रीच्या सन्मानदौऱ्यावर आले.

सेकू तुरे २६ मार्च १९८४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या रुग्णालयात वारले. आठवड्याभरात, ३ एप्रिलला, लष्कराने सत्ता घेतली आणि बोइरोचे दार उघडले. इस्माएल तुरे पकडले गेले. जुलै १९८५ मध्ये त्यांनाही विनाखटलाच ठार करण्यात आले. तेलींकडून जबाब लिहून घेणाऱ्या माणसाला भर न्यायालयात उभे केले असते, तर कोणाला कोणी मारले आणि कुठे पुरले ते त्याच्या तोंडून नोंदले गेले असते. ते त्याच्याबरोबर गेले.

सेकू तुरे यांची समाधी कोनाक्रीच्या मोठ्या मशिदीच्या आवारात आहे. बोइरोत मेलेल्यांचे मृतदेह घरच्यांना दिले गेले नव्हते. त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी पुढे संघटना बांधली, आणि आमच्या माणसांना कुठे पुरले ते दाखवा, ही त्यांची पहिली मागणी राहिली.