जळालेली मोटार आणि नवी निवड



रेडिओच्या नियंत्रणानें चालणारें लहानसें विमान उडविण्याचा छंद आतां मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाहीं. दिग्रससारख्या तालुक्याच्या ठिकाणींही एखादा मुलगा किंवा मुलगी फोमशीटचें विमान, पोटांत बॅटरी व नाकाशीं विजेची मोटार, असा थाट घेऊन मोकळ्या शेताकडे निघालेली दिसते. हा छंद आम्हांस मान्य आहे. ज्या छंदांत हात, डोळा व गणित हीं तिन्ही एकत्र येतात तो शाळेनें वाढवावा असेंच आमचें मत आहे. परंतु या छंदांत एक प्रसंग हटकून येतो. एके दिवशीं मोटारींतून धूर निघतो, जळक्या वार्निशाचा वास सुटतो आणि विमान शेतांत कोसळतें. मग नव्या मोटारीसाठीं घरीं पैशांची मागणी होते, आणि कोणी तरी जाणता मित्र सांगतो, "या वेळीं जरा मोठी घे." या सल्ल्यासंबंधीं दोन शब्द लिहावे म्हणून आम्हीं लेखणी हातीं घेतली आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, जुनी मोटार कां जळाली हें कळल्यावांचून नवी विकत घेऊं नये. ही गोष्ट आपल्या भागांतील शेतकऱ्यास सांगावी लागत नाहीं. विहिरीवरील पंपाची मोटार जळाली कीं तो प्रथम विचारतो: एक फेज गेली होती काय? व्होल्टेज कमी होतें काय? पाणी आटून पंप कोरडा फिरला काय? बेअरिंग जाम झालें काय? दोष तसाच ठेवून रिवाइंडिंग करून आणलेली मोटार थोड्याच दिवसांत पुन्हा जळते, हें त्यास ठाऊक असतें. बापास विहिरीवर आलेलें हें शहाणपण मुलास विमानाच्या बाबतींत कां सुचूं नये?

विमानाची मोटार ही पंपाच्या मोटारीची धाकटी बहीणच होय. १८२१ सालीं मायकेल फॅरडे यांनीं विजेचा प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोंवतीं फिरवून दाखविली, तेथून या सर्व मोटारींचा वंश सुरू झाला. आज विमानांस बहुधा ब्रशलेस मोटार बसवितात. तिच्यांत घांसून झिजणारे कार्बनचे ब्रश नसतात. तांब्याच्या तारेचें वाइंडिंग मध्यें स्थिर असतें आणि आंतून लोहचुंबक बसविलेलें कवच त्याच्याभोंवतीं फिरतें. बॅटरीचा प्रवाह तीन तारांतून पाळीपाळीनें सोडण्याचें काम वेगनियंत्रक करतो. छंदी मंडळी त्यास ईएससी म्हणतात. पंपाच्या तीन फेजांप्रमाणेंच येथेंही कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली कीं मोटार उलटी फिरते. आणि एक तार ढिली झाली कीं ती अडखळते, थरथरते व तापते. घरोघरीं आलेल्या नव्या बीएलडीसी पंख्यांतही हेंच तत्त्व आहे.

आतां ती जळते कशानें तें पाहूं. बहुधा पेलणार नाहीं असा भार तिच्यावर पडल्यानें. प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंतील उष्णता चौपट होते. प्रोपेलर तोच ठेवून फेऱ्यांचा वेग वाढविला तर लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. आणि वेग तोच ठेवून प्रोपेलरचा व्यास वाढविला तर ती अंदाजें व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे १० इंचांचा प्रोपेलर मोडला व दुकानांत ११ इंचांचा मिळाला म्हणून तोच बसविला, तर त्याच वेगास भार सुमारें दीडपट होतो. तीन सेलांच्या बॅटरीऐवजीं चार सेलांची जोडली तर व्होल्टेज एक-तृतीयांशानेंच वाढतें, पण मोटार त्या प्रमाणांत वेगानें फिरली तर भार दुपटीच्याही पलीकडे जातो. याखेरीज नाकावर आपटून वांकलेला दांडा, काळ्या मातीची धूळ शिरलेलें बेअरिंग आणि वारा न लागणारी बंदिस्त जागा हींही कारणें असतात. त्यांत आपल्याकडील वैशाख. त्या दिवसांत हवाच ४० अंशांच्या वर तापलेली असते, आणि साधारण प्रतीच्या निओडिमियम चुंबकाची शक्ति सुमारें ८० अंशांपलीकडे उणावूं लागते. भर दुपारीं उडविणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

कारण सांपडलें म्हणजे मग निवडीचा प्रश्न येतो, आणि तेथें मोटारीचें नांव वाचतां आलें पाहिजे. बाजारांत ए २२१२ या नांवाची मोटार सर्रास मिळते. यांतील २२ हा आंतील गाभ्याचा व्यास व १२ ही त्याची उंची, दोन्ही मिलिमीटरांत. परंतु कांहीं उत्पादक बाहेरील कवचाचें माप देतात; म्हणून २२१२ व २८३० हीं नांवें भिन्न दिसलीं तरी मोटारी जवळजवळ एकाच आकाराच्या असूं शकतात. उलट, ए २२१२ या एकाच नांवाखालीं तेरा वेढ्यांची १००० केव्ही, दहा वेढ्यांची १४०० केव्ही व सहा वेढ्यांची २२०० केव्ही अशा तीन निराळ्या मोटारी विकल्या जातात. केव्ही म्हणजे येथें किलोव्होल्ट नव्हे. भार नसतां दर व्होल्टास मिनिटाला किती फेरे होतात तो हा आंकडा होय. पहिलीस १० इंचांचा प्रोपेलर चालतो, शेवटच्या मोटारीस ६ इंचांचाच. दिसावयास तिन्ही सारख्या! जळालेल्या १००० च्या जागीं २२०० ची मोटार आणून तिला जुनाच प्रोपेलर लावणें म्हणजे शंकरपटाचा बैल ओझ्याच्या गाडीस जुंपण्यासारखें आहे.

मोटार केवढी हवी हें विमानाच्या वजनावरून ठरवावें. संथ उडणाऱ्या, शिकाऊ विमानास दर किलो वजनास १०० ते १५० वॅट शक्ति पुरते, असा या छंदांतील ठोकताळा आहे. बॅटरीसह ८०० ग्रॅम भरणाऱ्या विमानास १५० च्या दरानें १२० वॅट लागतील; ही अश्वशक्तीचा सुमारें सहावा भाग झाली. तीन सेलांच्या बॅटरीचें व्होल्टेज ११.१ धरून १२० ला ११.१ नें भागिलें असतां सुमारें ११ अँपिअर येतात. एवढा प्रवाह निर्धास्त सोसणारी मोटार आणि तिच्याहून वरचढ, म्हणजे २० ते ३० अँपिअरचा, वेगनियंत्रक असला कीं झालें. हा हिशेब आठवींतील विद्यार्थ्यास येण्यासारखा आहे. शेवटीं स्क्रूंच्या छिद्रांतील अंतर, दांड्याची जाडी व मोटारीचें वजन हीं जुन्या मोटारीशीं ताडून पाहावीं. मोटार नाकाशीं असते. तिच्या वजनांत ५० ग्रॅमांची भर पडली तरी गुरुत्वमध्य पुढें सरकतो व विमान नाक खालीं घालूं लागतें. मग समतोलासाठीं शेपटीकडे वजन बांधावें लागतें आणि विमान आणखीच जड होतें.

यावर कोणी म्हणेल, "मोठी मोटार थंड राहते, हें खोटें काय?" खोटें नाहीं. त्याच केव्हीची पण किंचित् मोठ्या गाभ्याची मोटार तोच प्रोपेलर फिरवीत असेल तर ती कमी तापते. आणि हिशेबांतीं जुनी मोटार लहानच ठरली तर मोठी घेणें हेंच योग्य. मात्र हिशेब न करतां घेतलेली मोठी मोटार सहसा एकटी येत नाहीं. पांच अश्वशक्तीच्या विहिरीवर साडेसातची मोटार बसविल्यानें विहिरीचें पाणी वाढत नाहीं. विहीर लवकर उपसते, आणि स्टार्टर व केबल नव्यानें घ्यावी लागते. तसेंच येथें. लहान मोटार कांहीं शेंकडे रुपयांची असते, पण तिच्यापाठोपाठ नियंत्रक व बॅटरीही बदलावी लागली तर तो खर्च शेतकऱ्याच्या घरास झोंबतो, आणि छंद तेथेंच संपतो.

खर्चाबरोबर सावधगिरीचाही विचार हवा. नवी मोटार फिरवून पाहतांना प्रोपेलर काढून ठेवावा. मिनिटाला हजारों फेरे घेणारें पातें बोट कापल्यावांचून राहत नाहीं. फुगलेली लिथियम बॅटरी वापरूं नये, आणि चार्जरला लावलेली बॅटरी एकटी सोडून जाऊं नये. विमान उडविण्यापूर्वीं २०२१ चे ड्रोन नियम व हवाई क्षेत्राचा सरकारी नकाशा पाहून घ्यावा, आणि वस्ती, बाजार व विजेच्या तारा यांपासून दूर जावें.

पालकांचा आणखी एक आक्षेप असतो: खेळण्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत विमानप्रतिकृति बनविणें व उडविणें हा शिक्षणाचाच भाग आहे, एवढें उत्तर पुरेसें व्हावें. पण आम्हांस त्याहून जवळचें कारण दिसतें. २०१७ सालीं आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले, हें येथें कोणी विसरलेलें नाहीं. पाठीवर पंप घेऊन विषाच्या तुषारांत चालण्याऐवजीं दूर उभें राहून फवारणी करतां यावी म्हणून आतां ड्रोन शेतांवर येऊं लागले आहेत. महिला बचत गटांस ते मिळावे म्हणून केंद्र सरकारनें नमो ड्रोन दीदी योजना आंखली आहे. त्या ड्रोनच्या प्रत्येक भुजेवर अशीच ब्रशलेस मोटार, मोठ्या मापाची, बसविलेली असते. तीही कधीं ना कधीं जळणारच. ऐन फवारणीच्या दिवसांत ती जळाली तर कारण शोधून योग्य मोटार बसविणारा कारागीर नागपुराहून येईपर्यंत पीक थांबणार नाहीं. तो दिग्रसमध्येंच असावा, असें कोणास वाटणार नाहीं?

म्हणून पालकांस आमची सूचना अशी आहे. मुलानें मोटारीसाठीं पैसे मागितले तर नकार देऊं नका, आणि लगेच काढून देऊंही नका. त्याच्याकडून आधीं एक कागद मागा. त्यावर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्या: जुनी मोटार कशानें जळाली; विमानाचें वजन किती; किती वॅट व किती अँपिअर लागणार; आणि प्रोपेलर व बॅटरी कोणती वापरणार. चारही उत्तरें असतील तर पैसे आनंदानें द्यावे. पहिलेंच उत्तर कोरें असेल तर मुलास जळकी मोटार घेऊन पुन्हा बसवावें, आणि सवड असल्यास आपणही त्याच्याजवळ बसावें. पंपाची मोटार उघडून पाहिलेल्या बापास ही लहान मोटार परकी वाटणार नाहीं.