प्राणी नसले तरी झाडे जगतील

झाड प्राणवायू सोडते, गाय तो घेते. गाय कार्बन डायऑक्साइड सोडते, झाड तो घेते. शाळेत शिकलेले हे साटेलोटे डोक्यात इतके पक्के बसते, की प्राणी नसलेल्या ग्रहावर झाडे गुदमरतील असेच वाटू लागते. तसे काही होणार नाही.

पुरावा पृथ्वीच्याच पोटात आहे. कॅनडात सापडलेले बँगिओमॉर्फा हे लाल शैवाल सुमारे १०५ कोटी वर्षांपूर्वीचे. चित्रकूटजवळच्या विंध्य खडकांतले शैवालसदृश जीवाश्म तर १६० कोटी वर्षे जुने आहेत. त्यांच्या ओळखीबद्दल अजून मतभेद आहेत, ही गोष्ट वेगळी. प्राण्यांचे खात्रीचे जीवाश्म मात्र ६० कोटी वर्षांच्या आतलेच. म्हणजे कोट्यवधी वर्षे शैवाले एकाही प्राण्यावाचून फोफावत होती. ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइड ओकत होते आणि जिवाणू मेलेले सगळे कुजवून तो परत देत होते. शिवाय वनस्पती स्वतःही श्वसन करतात, हे आपण विसरतो.

झाडांना खरी गरज आहे ती या कुजवणाऱ्यांची. ते नसते तर मेलेल्या पाचोळ्यातच सगळे पोषण अडकून पडले असते. हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणणारेही मुख्यतः जिवाणूच. स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळ ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म मिळाले. त्यांना धड मुळेही नव्हती, पण त्यांच्या पेशींत बुरशी नांदत होती. जमिनीवरच्या हिरवाईची पहिली सोबतीण ही बुरशी, आणि तिचे नाव मात्र कुणी घेत नाही.

अर्थात असा ग्रह आपल्या ओळखीचा नसेल. तिथे नेचे आणि शेवाळ असेल, वाऱ्यावर पराग सोडणारे सूचिपर्णी वृक्षही असू शकतील. पण बाभळीला काटे कशासाठी यावेत? आंब्याने गर कुणासाठी धरावा? उंबर तर संभवतच नाही. त्याच्या आत दडलेल्या फुलांचे परागण गांधीलमाशीच्या नात्यातले चिमुकले कीटक करतात. रंग, गंध, मध हे बरेचसे प्राण्यांना घातलेले आमंत्रण आहे.

म्हणून उद्या एखाद्या दूरच्या ग्रहाच्या वातावरणात प्राणवायू सापडला, तर तिथे प्राणी असल्याचे मथळे देण्याची घाई कुणी करू नये. काही परिस्थितींत प्राणवायू सजीवांवाचूनही तयार होतो. आणि पृथ्वीच्या हवेत तो साठू लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंमुळे. पहिला प्राणी त्यानंतर दीडशे कोटींहून अधिक वर्षांनी आला.